रात्री उशिरा दारूची होम डिलिव्हरी सुरू करायची असेल तर आधी दाराचा विचार करा

हा धंदा सुरू करायचा म्हणणारे लोक पहिला प्रश्न ॲपचा विचारतात, नाहीतर माल कुठून घ्यायचा याचा. मी दरवेळी सांगतो की ते नंतर बघू, आधी दाराचं बघा. रात्री दीड वाजता तुमचा रायडर पिशवी घेऊन एका बंद दारासमोर उभा आहे, दार उघडतं, समोर कोण आहे, वय किती असेल, किती प्यायलाय, आत अजून कोणकोण आहे, आणि हे सगळं बघून "देतो" की "नाही देता येणार" हे त्याने अर्ध्या मिनिटात एकट्याने ठरवायचंय. तुमचं लायसन्स, तुमचं नाव, कधीकधी कोणाचा तरी जीव त्या अर्ध्या मिनिटावर असतो, त्यामुळे बाकी सगळं, म्हणजे माल, गाड्या, पगार, वेळा, हे त्या पोराला नाही म्हणणं सोपं जावं अशा हिशोबाने लावायचं. मी आधी दुसऱ्याकडे रायडर होतो, मग स्वतःचं सुरू केलं, आणि जे शिकलो ते एवढंच आहे, बाकीचे सगळे त्याचे तपशील.

तरी सुरुवात कागदपत्रांपासूनच करावी लागते. तुमच्याकडे हे चालतं का, हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. दारू विकायचं लायसन्स मिळतं का, त्या लायसन्सवर घरपोच देता येतं का, आणि रात्री किती वाजेपर्यंत देता येतं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि लोक पहिल्यावरच खूश होऊन माल भरतात. स्कॉटलंडमध्ये २००५ च्या कायद्याने मध्यरात्री १२ ते सकाळी ६ या वेळात घरी दारू पोचवायलाच बंदी आहे, म्हणजे तिथे "लेट नाइट" १२ ला संपतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये त्याच दिवशीच्या डिलिव्हरीचे नियम २०२१ पासून आहेत, तिथे मध्यरात्री थांबायचं आणि रविवारी ११ लाच. अमेरिकेत वय २१, जर्मनीत बिअर-वाइनला १६ आणि कडक दारूला १८. म्हणून कुठल्यातरी देशातल्या माणसाचा व्हिडिओ बघून तसंच्या तसं करायला जाऊ नका, तुमच्या भागातल्या लायसन्स देणाऱ्या ऑफिसात जाऊन विचारा आणि जे सांगतील ते लेखी मागा.

अजून एक गोष्ट कायद्यात बघायची, विक्री नेमकी कुठे झाली असं धरतात. इंग्लंड-वेल्सच्या २००३ च्या लायसन्सिंग कायद्यात हे सरळ लिहिलंय की गिऱ्हाइकाच्या ऑर्डरसाठी बाटली जिथे बाजूला काढली जाते ती जागा म्हणजे विक्रीची जागा. याचा अर्थ समजून घ्या, गाडीत पन्नास बाटल्या भरून रस्त्यावर फिरत राहायचं आणि फोन आला की जवळचं दार गाठायचं, हे तिथे चालत नाही, ऑर्डर आधी, मग लायसन्सच्या जागेत पॅकिंग, मग गाडी. तुमच्याकडे असा नियम नसला तरी पद्धत हीच ठेवा. भरलेली गाडी घेऊन फिरणारा रायडर म्हणजे चोरांना आमंत्रण, शिवाय रस्त्यात कोणीही थांबवून "एक दे ना यार" म्हणतो आणि तिथून ब्लॅकने विकायला सुरुवात होते.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी स्वतःचं लायसन्स काढायच्या मागे लागू नका. रात्री उशिरापर्यंत चालू असलेलं लायसन्सवालं दुकान शोधा आणि त्याच्याबरोबर करार करा, विक्रेता तो, पोचवणारे तुम्ही, दर ऑर्डरमागे तुमचा ठरलेला वाटा. तुमच्या भागात अशी व्यवस्था चालते का ते त्याच ऑफिसात विचारून घ्या. फक्त त्याच्या लायसन्सवर डिलिव्हरी आणि त्या वेळा आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, तोंडी "हो हो आहे" वर जाऊ नका. आणि करारात हे लिहून घ्या की दारावर नाकारलेली ऑर्डर दुकान परत घेणार, कुरकुर न करता. हा एक मुद्दा मिळाला नाही तर दुसरं दुकान बघा.

स्वतःचं लायसन्स काढायचंच असेल तर अर्ज करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, शेजारी हरकत घेतात ती दारूला कमी आणि आवाजाला जास्त. रात्री एकला बाइक रेस होणं, बाटल्यांचा खणखणाट, शटरचा आवाज, बाहेर उभं राहून गप्पा मारणारे रायडर. आधीच चार शेजाऱ्यांकडे जाऊन या, गाड्या कुठे उभ्या राहतील ते सांगा, तुमचा फोन नंबर द्या. अर्जासोबत दोन पानांचं लिहून द्या, वय कसं तपासणार, प्यायलेल्याला कसं नाकारणार, नोंद कुठे ठेवणार. न मागता दिलेला असा कागद बघून समोरचा अधिकारी वेगळ्या नजरेने बघतो, हे मी अनुभवलंय.

इन्शुरन्सचं पटकन सांगतो कारण इथे लोक फसतात. रायडरच्या गाडीचा जो साधा घरगुती इन्शुरन्स असतो तो बहुतेक वेळा पैसे घेऊन सामान पोचवण्याला लागू होत नाही, अपघात झाला की क्लेम नाकारतात. रात्रीचं काम, झोपेचे डोळे, ओला रस्ता, हा खर्च वाचवू नका.

पैसे आगाऊच घ्या, कार्डाने नाहीतर ऑनलाइन. रोख बंदच ठेवलेली बरी, एकदा भागात कळलं की तुमच्या पोरांच्या खिशात रात्री रोकड असते की मग ती पोरं सुरक्षित नाहीत. पेमेंट कंपनीला धंदा काय ते खरंखरं सांगा. कार्डाच्या व्यवहारात दारूच्या दुकानांचा वेगळा कोड असतो, ५९२१, आणि बऱ्याच पेमेंट कंपन्या दारूसाठी आधी मंजुरी मागतात. "किराणा" म्हणून खातं उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं तर खातं गोठतं आणि दोन-तीन शनिवारचे पैसे अडकतात, नवीन धंद्याला तेवढं पुरतं बंद पडायला.

मालाचं. सुरुवातीला शंभर प्रकार ठेवायची हौस नको. रात्री १२ नंतर माणूस निवडत बसत नाही, त्याला ओळखीचं आणि थंड हवं असतं. बिअरचे चार-पाच प्रकार, वाइन लाल-पांढरी एकेक बरी आणि एकेक स्वस्त, व्होडका-व्हिस्की-रम-जिनचे दोन दोन ब्रँड, बास. त्याबरोबर सोडा, टॉनिक, कोला, बर्फ, कागदी ग्लास, पाण्याच्या बाटल्या आणि काहीतरी खायला. बर्फ विसरू नका, घरात दारू असूनही फक्त बर्फासाठी फोन येतात. पाण्याची एक बाटली मी प्रत्येक पिशवीत फुकट टाकतो, कारण रात्री त्या वेळी पाणी प्यायची आठवण कोणालाच नसते.

बिअर उजेडात ठेवू नका, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, त्यातले घटक उजेडाने बिघडतात आणि बाटली उघडल्यावर घाण वास येतो, हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांना हे लवकर होतं, तपकिरीला कमी. घाईने थंड करायला फ्रीजरमध्ये टाकून विसरलात तर बाटली फुटणार, पाणी गोठलं की फुगतं. त्यापेक्षा बर्फ, पाणी आणि मीठ एकत्र करून टब ठेवा, कॅन पंधरा-वीस मिनिटांत गार. शॅम्पेनच्या बाटलीत साधारण ६ ॲटमॉस्फिअर दाब असतो, खड्ड्यांतून हलत गेलेली बाटली गिऱ्हाइकाने लगेच उघडली तर बूच डोळ्यात जाऊ शकतं, म्हणून आमचे रायडर देताना सांगतात, "थोडा वेळ फ्रीजमध्ये राहू द्या मग उघडा."

आणि माल फक्त लायसन्सवाल्या वितरकाकडून, बिलासकट. कोणीतरी येईल आणि म्हणेल माझ्याकडे तोच ब्रँड निम्म्या भावात आहे, त्याला दारातूनच परत पाठवा. नकली दारूत मिथेनॉल असू शकतं, चव आणि वासावरून ते ओळखता येत नाही, थोडंसं पोटात गेलं तरी नजर जाते, जास्त गेलं तर माणूस जातो. बिलं आणि बॅच नंबर जपून ठेवा, उद्या काही झालं तर कोणती पेटी कोणाकडे गेली हे तुम्हाला दहा मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

आता माणसं, आणि हे नीट वाचा.

मी दुसऱ्याकडे रायडर होतो तेव्हाची गोष्ट. एका दारावर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, हातात वडिलांचं ओळखपत्र, "बाबा आंघोळीला गेलेत, द्या माझ्याकडे." आत कोणाच्याही बाथरूमचा आवाज नाही, नुसती गाणी आणि मुलांचा हसण्याचा आवाज. मी पिशवी परत आणली. मालकाने त्या फेरीचे पैसे दिले नाहीत आणि पेट्रोलही माझ्याच अंगावर. पुढच्याच आठवड्यात आमच्यातल्या दुसऱ्या एकाला असंच दार लागलं आणि त्याने देऊन टाकलं, कारण घरभाडं द्यायचं होतं. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. ज्याने पगार तसा लावला त्याने ती बाटली त्या मुलाच्या हातात दिली असं मी आजही समजतो.

म्हणून माझ्याकडे नियम आहे, ऑर्डर पोचवली तरी आणि नाकारून परत आणली तरी रायडरला फेरीचे पैसे तेवढेच. तासाचा ठरलेला पगार असेल तर अजून उत्तम. गिऱ्हाइकाच्या स्टारवर पगार ठेवू नका, ज्याला नाकारलं तो एकच स्टार देणार हे उघड आहे. आणि "३० मिनिटांत नाही तर फुकट" असली जाहिरात या धंद्यात करू नका, ती घाई रायडरला रस्त्यावरही मारते आणि दारावरही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं सांगा, तीन-चार किलोमीटरच्या बाहेर जाऊ नका, मग आरामात जमतं.

सुरुवातीला तीन माणसं पुरतात, एक फोन आणि पॅकिंगवर, दोन गाड्यांवर. फोनवर बसणारा माणूस हुशार हवा कारण निम्मं काम तिथेच होतं. "तुम्ही १८ पूर्ण आहात ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, त्याऐवजी "जन्मतारीख सांगा" म्हणा, जो सरळ सांगतो त्याला वेळ लागत नाही, जो मनात वजाबाकी करतो तो गप्प होतो आणि ते फोनवर ऐकू येतं. मागून पोरांचा गलका आहे का, बोलताना जीभ जड पडतेय का, एकच गोष्ट तीनदा सांगतोय का, हे तो ऑर्डरच्या कागदावर एका शब्दात लिहितो, "जड" नाहीतर "लहान?", आणि रायडर तयारीने जातो.

दारावर काय करायचं ते मी नवीन पोराला पहिले तीन दिवस स्वतः सोबत जाऊन दाखवतो. गाडी थोडी लांब बंद करायची, बेल न वाजवता फोन करायचा कारण शेजारी झोपलेत. पिशवी हातात, आणि ओळखपत्र बघेपर्यंत ती द्यायची नाही, एकदा पिशवी उंबऱ्याच्या आत गेली की परत मागणं म्हणजे भांडण. ज्याने ऑर्डर दिली त्यानेच बाहेर यायचं. ओळखपत्र त्याच्या हातात न बघता आपल्या हातात घ्यायचं, मोबाइलमधला फोटो चालणार नाही. आधी फोटो आणि चेहरा, कान आणि नाक बघा, केस आणि दाढी बदलतात, कान बदलत नाहीत. मग कडा बोटाने चाचपायच्या, सोललेलं किंवा चिकटवलेलं लगेच लागतं. मग तारीख. तारखेचा हिशोब रात्री दोन वाजता डोक्यात करायला लावू नका, आम्ही रोज संध्याकाळी एका चिठ्ठीवर "या तारखेला किंवा आधी जन्मलेला" असं लिहून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवतो, पोराने फक्त दोन तारखा शेजारी धरायच्या. आणि कायदेशीर वय १८ असलं तरी पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाला विचारायचंच, ब्रिटनमधल्या दुकानांत "चॅलेंज २५" नावाने हीच पद्धत आहे. प्रत्येकाला विचारलं की कोणाला अपमान वाटत नाही.

प्यायलेल्याचं जास्त अवघड. रात्री एकला ऑर्डर देणाऱ्याने थोडी घेतलेली असणारच, तेवढ्यावरून नाकारलं तर धंदाच नको. बघायचं ते असं की उभा राहताना चौकट धरतोय का, डोळे एका जागी थांबतात का, काय मागवलंय ते त्याला आठवतंय का. हा शेवटचा प्रश्न मी शिकवतोच, "सर, ऑर्डर सांगा जरा, चेक करतो." सांगता आलं नाही तर पिशवी परत. बऱ्याच देशांत झिंगलेल्या माणसाला दारू विकणं हाच गुन्हा आहे. यामागचं कारणही पोरांना समजावून सांगा, यकृत तासाला साधारण एकच ड्रिंक पचवतं, कॉफीने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने ते वाढत नाही, आणि शेवटचा घोट घेतल्यावरही काही वेळ रक्तातली दारू चढतच राहते. म्हणजे दारात जो माणूस कसाबसा उभा आहे तो अर्ध्या तासाने, एकही थेंब न घेता, अजून वाईट अवस्थेत असू शकतो, आणि तुम्ही त्याच्या हातात बाटली देणार.

नाकारताना वाद नको, उपदेश नको. आमच्या पोरांचं एकच वाक्य ठरलेलं, "सॉरी सर, सिस्टिम मला पुढे जाऊ देत नाहीये, पैसे पूर्ण परत येतील." दोष सिस्टिमवर, माणसावर नाही. मग वळून सरळ गाडीकडे. कोणी अंगावर आलं तर पिशवी खाली ठेवून निघायचं, बाटलीसाठी मार खायचा नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी लेखी देतो.

एकदा आमच्या एका रायडरने दार उघडल्यावर आत सोफ्याच्या कडेला पाठीवर पडलेला मुलगा बघितला, घोरत होता, मित्र म्हणाले झोपलाय. याने विचारलं, उठवून बघा. उठेना. ओठ निळसर दिसत होते. याने पिशवी बाजूला ठेवली, त्याला कुशीवर वळवलं, तोंड जमिनीकडे, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबला, मध्ये मला फोन केला की पुढच्या दोन ऑर्डर दुसऱ्याला द्या. तो मुलगा वाचला. तेव्हापासून हे ट्रेनिंगचा भाग आहे: उठत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड, कातडी थंड किंवा निळी, बेशुद्धीत उलटी, यातलं एक जरी दिसलं तरी आधी कुशीवर, मग इमर्जन्सीला फोन, आणि एकटं सोडायचं नाही. "झोपला की उतरेल" हे ऐकायचं नाही.

रोज येणाऱ्या फोनबद्दलही बोलतो कारण यावर कोणी बोलत नाही. काही नंबर असे असतात की आठवड्यातले सहा दिवस, रात्री दोनला, एकच बाटली, एकटा माणूस. तो तुमचा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक वाटेल. मी एका पत्त्यावर एका रात्रीत एकच ऑर्डर ठेवलीय, आणि कोणी म्हणालं की माझा नंबर बंद करा, मला देऊ नका, तर त्याच क्षणी बंद, आणि तो परत चालू करायला सांगितलं तरी ठरावीक मुदतीआधी नाही. न्यू साउथ वेल्समध्ये अशी स्वतःला वगळून घ्यायची सोय देणं बंधनकारकच आहे. मध्यरात्रीनंतर "अजून एक होऊन जाऊ दे" असले मेसेज, दुसऱ्या ऑर्डरवर डिस्काउंट, हे माझ्याकडे नाही आणि त्यामुळे धंदा बुडाला नाही.

मग ॲप. पहिले काही महिने फोन, मेसेज आणि एक वही पुरते. ॲप केलंच तर लोकांची माहिती कमीत कमी साठवा, कोण कुठे राहतो आणि रात्री किती वाजता काय पितो ही यादी चोराच्या हाती पडली तर काय होईल याचा विचार करा. अमेरिकेतल्या ड्रिझली या दारू डिलिव्हरी कंपनीतून २०२० मध्ये सुमारे २५ लाख गिऱ्हाइकांची माहिती चोरीला गेली, नंतर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आदेश काढला तो कंपनीवरच नाही तर तिच्या प्रमुखावरही वैयक्तिक लागू केला. उबरने २०२१ मध्ये ती कंपनी घेतली आणि २०२४ मध्ये बंद केली. ओळखपत्राचा फोटो काढून ठेवू नका, "बघितलं" एवढी टिक आणि रायडरची सही पुरे, कायदा जास्त मागत असेल तर तेवढंच.

पहिला महिना फक्त शुक्रवार-शनिवार चालवा. किती वाजता किती फोन आले, कुठून आले, जे देऊ शकलो नाही ते काय मागत होते, सगळं लिहा. दोन-तीन महिन्यांत वहीच सांगेल की गुरुवारी उघडायचं की नाही. पोहोच जास्त लांब घेण्यापेक्षा एक भाग नीट धरा, गल्ल्या पाठ झाल्या की पोरांचा रात्रीचा ताण निम्मा होतो.

बंद करताना मी असं करतो. शेवटची ऑर्डर कायद्याने जी वेळ आहे त्याच्या पाऊण तास आधी घेतो, म्हणजे पोचवणं वेळेत होतं. दोन्ही रायडर परत येईपर्यंत कोणी घरी जात नाही. परत आलेल्या पिशव्या टेबलावर रिकाम्या करायच्या, बाटल्या सीलसकट मोजून रॅकवर, आणि नकाराच्या वहीत वेळ, पत्ता, कारण, रायडरचं नाव, पैसे परत केल्याची खूण. एखाद्या शनिवारी त्या वहीत एकही नोंद नसेल तर मी पोरांना बसवून विचारतो, आज कोणतं दार अवघड होतं.